सोनीबाईचा हात

नागपूर-हैदराबाद रस्त्यावर ट्रक हाकणाऱ्या कोणालाही त्या काळात विचारलं असतं, की करंजी ते पाटणबोरी या टापूत सगळ्यात भरवशाचा सिग्नल कोणता, तर त्यानं पोलिसाचं नाव घेतलं नसतं. त्यानं सांगितलं असतं, सोनीबाईचा हात.

हात दिसायचाही तसाच. मनगटापासून दंडापर्यंत पांढऱ्या बलिया, म्हणजे बंजारा बायका घालतात ती हाडाची जाड कडी. उन्हात फर्लांगभर लांबून दिसायची. फटफटीच्या मागच्या सीटवरून तो हात आडवा बाहेर आला की ओळखावं, देवीलाल मिस्त्री उजवीकडे वळणार. गोल फिरला की डावीकडे. वर गेला की थांबणार. हा हात कधी उगाच बाहेर आला नाही आणि यायचा तेव्हा कधी चुकला नाही. रस्त्यावरच्या माणसांबद्दल इतकं बोलता येत नाही.

देवीलाल इंजिन मिस्त्री होता. विहिरीवरची तेलाची इंजिनं तेव्हा नवीनच आली होती आणि नव्या जावयासारखी पावलोपावली रुसत होती. पलटणीच्या वर्कशॉपात सात वर्षं काढून देवीलाल तांड्यावर परतला तेव्हा त्याच्याकडे पान्यांची एक पेटी होती आणि लष्कराच्या लिलावात घेतलेली एक फटफटी होती. इंग्रजांच्या लढाईतली गाडी. पुढच्या दिव्यावर अजून ते काळं झाकण होतं, वरून विमानाला उजेड दिसू नये म्हणून बसवलेलं. तांड्यावर कोणाचं विमान येणार होतं देव जाणे, पण झाकण निघालं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी मोहद्याच्या एका विहिरीवर इंजिन चालू करताना हँडल उलटं फिरलं आणि देवीलालचा उजवा खांदा निखळला. हाडवैद्यानं तो बसवला, पण स्वतःच्या मर्जीनं बसवला. तेव्हापासून मनगट फिरे, बोटं चालत, पाना पकडता येई. पण हात खांद्यातून बाजूला म्हणून उचलेना. फटफटी चालवायला मनगट पुरतं. वळायचं दाखवायला खांदा लागतो, तोही उजवाच. म्हणून सोनीबाई मागे बसली.

पहिले काही दिवस ती नुसता हात होती. मग देवीलाल इंजिनाखाली शिरला की ती वरून पाना देऊ लागली. मग हँडल तीच फिरवू लागली, कारण तिचे दोन्ही खांदे शाबूत होते. आणि एक दिवस, देवीलाल पेटी उघडत असताना, ती नुसती ऐकून म्हणाली, "हिचं नोझल कोंडलं हाये." उघडलं तर नोझलच कोंडलेलं. त्यानंतर देवीलाल आधी तिच्याकडे पाहायचा आणि मग पेटी उघडायचा. शेतकरी विचारत, "बाई, इंजिन सालभर चालंन ना?" दुसरा मिस्त्री असता तर हो म्हणून मोकळा झाला असता. सोनीबाईला नाही वाटलं तर ती नाही म्हणायची. लोखंडापुढे खोटं बोलून भागत नाही, ते चारचौघांत बंद पडतं, असं तिचं म्हणणं होतं.

आता खरं ते सांगायला हवं. सोनीबाईला हे सगळं फार आवडत होतं. मागच्या सीटवर बसलं, पदर दातात धरला आणि गाडी तांड्याच्या बाभळी मागे टाकून डांबरीवर आली की तिला इतकं बरं वाटायचं की ते कोणाला सांगायची तिला लाज वाटे.

तिची सासू भुरीबाई मात्र हे सगळं पाहून धुमसत असे. म्हातारीचं वय पासष्टीच्या पुढचं, जीभ विशीतली. लहानपणी ती बापाच्या लदेणीबरोबर चाललेली होती. बैलांच्या पाठीवर मिठाची पोती लादून तांडाच्या तांडा मुलूख तुडवायचा, ते तिनं पाहिलेलं होतं. पुढे आगगाड्या आल्या, बैल विकले गेले, माणसं जमिनीला चिकटली आणि भुरीबाई चुलीपाशी बसली ती बसलीच. सून गाडीवर चढली की ती दारातून ओरडायची,

"हात पाह्यजे तं हात घेऊन जा! आख्खी बाई कायले नेतं?"

देवीलाल आईला उलट बोलत नसे. तो तसा कोणाशीच फारसं बोलत नसे. तो किक मारायचा, आणि मग कोणाचंच काही ऐकू यायचं नाही.

असं तीन वर्षं चाललं होतं ते पुढेही चाललं असतं. पण झालं काय, की देवीलालनं गाडी घेतली तेव्हा यवतमाळ जिल्हा मध्य प्रदेशात होता, नंतर तो मुंबई राज्यात गेला आणि मग महाराष्ट्रात. जिल्हा जागचा हलला नाही, गाडीही तीच, पण कागद तेवढे जुने झाले. नवा कागद पाहिजे तर गाडी मोटार तपासणीच्या साहेबापुढे उभी करायची आणि दिवे, ब्रेक, सिग्नल सगळं तपासून घ्यायचं. साहेब महिन्यातून एकदा, दुसऱ्या गुरुवारी, पांढरकवड्याला येत.

साहेबांचं आडनाव काळमेघ. उंच, वाळके, कोटाच्या खिशात नियमांचं पुस्तक. कडुनिंबाखाली टेबल टाकून बसत आणि समोर आलेल्या गाडीकडे, मुलगी पाहायला आल्यासारखे, चष्म्यावरून बघत. त्यांनी पहिल्यांदा ते काळं झाकण काढायला लावलं. "लढाई संपली," एवढंच म्हणाले. मग दिवा बघायचा म्हटलं, तर भर दुपारी उन्हात दिवा लागला की नाही हे कळणार कसं? शेवटी कोणीतरी घोंगडी आणली. गाडी चालू ठेवून देवीलाल आणि साहेब दोघेही घोंगडीत डोकं घालून पुढचा दिवा बघत उभे राहिले, आणि बाहेरून फक्त चार पाय दिसत होते. मग तीच घोंगडी मागच्या दिव्यावर. काच तडकलेली होती, पण लाल होती आणि लाल उजेड देत होती.

"ठीक," साहेब घोंगडीतून बाहेर येऊन म्हणाले. त्यांच्या केसांत लोकर अडकली होती. "इतक्या जुन्या गाडीला वळण्याचे दिवे मी मागत नाही. नसले तरी चालतं. जुन्या गाडीला हात पुरतो. दाखवा हात."

देवीलाल गाडीवर बसला. सोनीबाई मागे बसली. तिनं हात आडवा केला, मग गोल फिरवला, मग वर केला. कवायतीत करावा तसा. भोवतीचे ट्रकवाले कौतुकानं पाहत होते.

"बाई, तुम्ही उतरा," साहेब म्हणाले. "चालकानं दाखवायचा असतो."

देवीलालनं खांद्याची हकिगत सांगितली. साहेबांनी ती नीट ऐकून घेतली, हात स्वतः उचलून पाहिला, आणि मान हलवली. "मग गाडीला काहीतरी साधन पाहिजे."

"साधन हाये ना सायेब," देवीलाल म्हणाला. "हे बसली मांगं."

"बाई गाडीचा पार्ट आहे का?"

इथं सोनीबाईनं गप्प बसायला हवं होतं. पण तीन वर्षं तिला कोणी गप्प बसायला लावलं नव्हतं, त्यामुळे सवय मोडली होती. "पार्ट नाई तं काय सायेब?" ती म्हणाली. "माह्याशिवाय चालूच नाई होत ते."

ट्रकवाले खो खो हसले. साहेब हसले नाहीत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्यांनी पुस्तक उघडलं, पान शोधलं आणि सांगितलं, की डाव्या बाजूला स्टेअरिंग असलेले लष्करी ट्रक असतात, त्यातल्या ड्रायव्हरचा हात उजवीकडे पोहोचत नाही, म्हणून त्या ट्रकांना उजव्या अंगाला एक लाकडी हात लावतात; दोरी ओढली की तो आडवा होतो. "तसा हात बसवून आणा. पुढच्या महिन्यात पाहू. तोवर गाडी घरी."

गाडी घरी, म्हणजे सोनीबाईही घरी.

भुरीबाईला बातमी कळली तेव्हा ती तूर पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. "सरकारले माहं आईकू गेलं म्हन्नं," ती म्हणाली. "मी म्हन्तच होती, हात पाह्यजे तं हात न्या. आता लाकडाचा येऊन राह्यला तं बाई घरी राहीन. कापूस फुटला, माहे गुडघे गेले, कोनी येचाचा तो?"

यात खोटं काहीच नव्हतं. कापूस फुटला होता आणि म्हातारीचे गुडघे गेले होते. म्हणून तर सोनीबाईला तोंड उघडता येईना. तिनं देवीलालकडे पाहिलं. तो बुटाची नाडी सोडत होता आणि नाडी सोडायला त्याला फारच वेळ लागत होता.

"तुमी काही बोलत काहून नाई?" रात्री ताट वाढताना तिनं विचारलं.

"काय बोलू?" देवीलाल म्हणाला, आणि जेवला.

महिनाभर तो बसनं आणि सायकलनं कामाला गेला. सोनीबाईनं कापूस वेचला. कामाचं तिला काही वाटत नव्हतं. ती कामाला कधीच मागे सरणारी नव्हती. पण वेचता वेचता लांब कुठंतरी विहिरीवरचं इंजिन ऐकू यायचं. ती ओटीत कापूस धरून उभी राहायची. ऐकायची. दुसऱ्या ठोक्याला अडखळतंय, डिझेलमध्ये पाणी आलं असावं. मग इकडेतिकडे पाहायची, आणि सांगायला कोणी नसायचं. त्या महिन्यात तिला नवऱ्याचा इतका राग आला की त्याच्या भाकरीला ती तूप लावायची विसरू लागली. म्हणजे विसरत नव्हती.

पांढरकवड्याला उकंडा सुतार होता, बैलबंड्या करणारा. देवीलालनं त्याला हात सांगितला होता. साहेब यायला दोन दिवस असताना उकंडा गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी खांद्यावर घेऊन तांड्यावर आला, बाभळीखाली गाडीपाशी बसला आणि त्यानं गोणपाट सोडलं. बायापोरं जमली. सोनीबाई पाण्याची घागर घेऊन येत होती, तीही थांबली.

सागाचा हात होता. पाच बोटं, अंगठा, सगळं जागच्या जागी. आणि मनगटापासून वरपर्यंत गोल कडी कोरलेली, एकाखाली एक, पांढऱ्या रंगानं रंगवलेली. बलिया.

"हे काय केलं?" देवीलाल म्हणाला.

"काय म्हंजे?" उकंडा म्हणाला. "तू म्हन्ला गाडीचा हात बनव. गाडीचा जो हात मी रोज पाह्यतो तोच बनवला. बिना बलियाचा हात बाहीर आला तं लोक ओळखंन काय?"

तांडा हसून हसून लोटपोट झाला. भुरीबाईसुद्धा हसली. सोनीबाईला मात्र कानाखाली बसल्यासारखं झालं. नुसता लाकडी दांडका असता तर तिनं सोसलं असतं. पण हा तिचाच हात होता. तिचा हात काढून घेऊन गाडीला लावत होते, आणि उरलेली ती कापसात. ती घागर घेऊन आत गेली आणि देवीलाल आणि उकंडा संध्याकाळपर्यंत बाभळीखाली ठोकाठोक करत होते तिकडे तिनं पुन्हा म्हणून पाहिलं नाही.

गुरुवारी सकाळी देवीलालनं गाडी दारात आणली. "चाल," तो म्हणाला.

"मी कायले? लाकडाची हाये ना आता."

"चाल म्हन्लं ना."

महिनाभर तो एवढंही बोलला नव्हता. शिवाय भुरीबाई अजून न्हाणीत होती. सोनीबाई मागे बसली. लाकडी हात तिच्या उजव्या मांडीजवळ खाली लटकत होता, त्याच्याकडे पाहायचं नाही म्हणून ती डावीकडची शेतं पाहत राहिली. पांढरकवडा मैलभर राहिला तेव्हा देवीलालनं चिंचेखाली गाडी थांबवली आणि मान न वळवता म्हणाला,

"तुह्या उजव्या गुडघ्यापाशी दोरी हाये. ओढून पाह्य."

तिनं चाचपलं. सीटखालून आलेली सुती दोरी, टोकाला लाकडी मूठ. ओढली. हात कुरकुरत वर आला आणि आडवा थांबला. सोडली, खाली गेला. थोडी थोडी ओढून हलवली की हात हलायचा, डावीकडच्या वळणासाठी; पार ओढली की उभा राहायचा.

"दोरी मांगं काहून?" तिनं विचारलं. "समोर काहून नाई लावली?"

"समोर जागा नवती," देवीलाल म्हणाला.

समोर जागा होती. हँडलवर, टाकीवर, ब्रेकच्या दांड्यापाशी, पाहिजे तेवढी जागा होती. सोनीबाईला ती गाडी स्वतःच्या चुलीइतकी माहीत होती. तिनं देवीलालच्या पाठीकडे पाहिलं. मान लाल झाली होती, आणि ती उन्हानं झाली नव्हती. महिनाभराचा राग तिच्या पोटातून असा गेला, की तो होता कधी हेही तिला आठवेना. नवऱ्याचं तोंडावर कौतुक करायची रीत नव्हती. तिनं पदर तोंडाला लावला आणि पुढचा मैलभर ती हसत राहिली, आणि थोडं रडलीही.

पण हसणं पांढरकवड्यापर्यंतच टिकलं. कडुनिंबाखाली काळमेघ साहेब तसेच बसले होते, तसाच चष्मा. आता तिच्या लक्षात आलं, की खरी अडचण पुढेच आहे. साहेबाला गाडी कळते. साहेब म्हणणार, दोरी पुढे घ्या. दहा मिनिटांचं काम. उकंड्याचं दुकान समोरच.

साहेबांनी लाकडी हात पाहिला. कडी मोजल्यासारखी त्यांवरून बोट फिरवलं. "हे काय?"

"सुतारानं केलं, सायेब," देवीलाल म्हणाला.

"पांढरा रंग आहे, लांबून दिसतो. हरकत नाही. चालवून दाखवा."

देवीलालनं मैदानाला फेरी मारली. सोनीबाईनं दोरी ओढली. उजवीकडे, डावीकडे, थांबा. हात एकदाही अडकला नाही. ट्रकवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेब उठले, गाडीभोवती फिरले, वाकून सीटखाली पाहिलं, दोरी कुठून कुठं जाते ते बोटानं धरत गेले आणि मागच्या सीटपाशी थांबले.

"दोरी मागं कशाला?"

"डावा हात क्लचवर असते, सायेब," देवीलाल घाईनं म्हणाला. "उजवा रेसवर. उजवा वर जात नाई. समोर ओढनार कोन?"

साहेबांनी दोरी सोडली. त्यांनी देवीलालच्या उजव्या हाताकडे पाहिलं. वर जात नव्हता, पण बोटं चालत होती, मूठ चालत होती. मग ते सोनीबाईकडे वळले.

"बाई, ट्रकवाले म्हणतात, तुम्हाला इंजिनातलं कळतं. मग तुम्हीच सांगा. ही दोरी पुढं घेऊन चालकाला ओढता येईल की नाही?"

मैदान शांत झालं असं काही नाही. लोक बोलतच होते, कोणाचातरी ट्रक घुरघुरत होता. शांत झाली ती एकटी सोनीबाई. नाही म्हणायचं, एवढंच होतं. एक शब्द. देवीलालनं तो तिच्यासाठी तयार करून ठेवला होता, त्या मुखदुर्बळ माणसानं आयुष्यात पहिल्यांदा साहेबापुढे खोटं बोलून. पण प्रश्न यंत्राचा होता, आणि विचारणाऱ्यानं तिला जाणकार समजून विचारला होता. तसं तिला आजवर सरकारच्या कोणी विचारलं नव्हतं.

"येते, सायेब," ती म्हणाली. "ब्रेकच्या दांड्यापाशी एक आकडा ठोकला तं बोटानं ओढता येते. दहा मिनटाचं काम हाये. पन दोरी समोर गेली तं मी घरी राहीन. मंग कापूस, चूल आन् मी. मले गाडीवर बसाचं हाये, सायेब. म्हनून त्यायनं मांगं लावली."

बोलून झालं आणि तिनं पदर दातात धरला. देवीलाल टाकीच्या झाकणाकडे पाहत होता. त्याची मान पुन्हा लाल झाली होती.

काळमेघ साहेबांनी चष्मा काढला, कोटाच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. टेबलापाशी गेले. पुस्तक उघडलं आणि बराच वेळ ते पान वाचत राहिले. त्यांना ते पाठ असणार, तरी वाचत राहिले.

"नियमात एवढंच आहे," शेवटी ते म्हणाले, "की संकेताचं साधन चालू स्थितीत पाहिजे. दोरी कोणी ओढायची ते लिहिलेलं नाही. साधन चालू आहे. पण चालकाच्या हाताशी नसेल तर मला अट घालावी लागेल. कडक अट." त्यांनी टाक बुडवला, लिहिलं, शिक्का मारला आणि मोठ्यानं वाचून दाखवलं, "संकेत देणारी व्यक्ती मागील आसनावर बसलेली असल्याशिवाय हे वाहन रस्त्यावर आणू नये."

सोनीबाईला त्यातलं निम्मं कळलं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो हसत होता, दात दाखवून, सगळ्यांसमोर.

"म्हणजे मागं कोणी नसेल तर गाडी दारातून हलवायची नाही," साहेब म्हणाले. "हलवली तर दंड. समजलं?" आणि देवीलालकडे बोट करून, "खोटं सांगू नये पुन्हा. पुढची गाडी!"

परतताना सोनीबाईनं करंजीच्या फाट्यावर लाकडी हात वर केला, आणि दुसरा, स्वतःचाही केला. खरं तर करंजी वाटेत नव्हती. ते मुद्दाम तिथवर जाऊन आले होते.

भुरीबाई दारातच बसली होती, तोंडाचा पट्टा तयार ठेवून. सोनीबाईनं तिच्यापुढे कागद धरला. वाचता दोघींनाही येत नव्हतं. "याडी, सरकारनं लिवलं," ती सासूला म्हणाली; बंजारा बोलीत आईला याडी म्हणतात. "मांगं बसल्याशिवाय गाडी हलवाची नाई. दंड होते."

म्हातारीनं कागद हातात घेतला. गोल शिक्क्यावर अंगठा फिरवला. कागद उलटा करून मागूनही पाहिला. मग तिनं विचारलं,

"नाव लिवलं काय तुहं?"

सोनीबाईनं देवीलालकडे पाहिलं. म्हातारीनं नेमकं घोडं कुठं पेंड खातं ते शोधलं होतं. हो म्हटलं असतं तरी खपलं असतं. देवीलाल तर बोलणारच नव्हता. पण सकाळीच एकदा खरं बोलून झालं होतं, आणि एकाच दिवसात दोन तऱ्हा तिला जमेनात.

"नाई, याडी. नाव नाई. कोनीबी बसलं तं चालते."

भुरीबाईनं कागदाची नीट घडी केली, सुनेच्या हातात दिली आणि रस्त्याकडे पाहत बसली. तिकडे फक्त बाभळी होत्या.

"पाटनबोरीवरून जाये आमची वाट," ती म्हणाली. "बापाचे दीडशे बैल. मी सगळ्यात मांगं चालो. मीठ घेऊन याचो, ज्वारी घेऊन जाचो. पन्नास सालं झाली, मी तो रस्ता पाह्यला नाई." मग एकदम सुनेवर डाफरली, "कापूस निघाला की एक डाव ने म्हना त्याले. तू घरी राह्य एक दिवस. मरत नाई."

सोनीबाई तिच्याकडे बघतच राहिली. तीन वर्षं ही बाई दारातून कशासाठी ओरडत होती हे तिला त्या क्षणी कळलं, आणि आपल्याला ते आधी कळलं नाही याची लाज वाटली. गाडीवर बसायची ओढ काय असते हे या तांड्यात कोणाला माहीत असेल तर तिलाच.

"दोरी जपून ओढजा, याडी," ती एवढंच म्हणाली.

माघात, शेवटची वेचणी झाल्यावर, एका सकाळी भुरीबाईनं ठेवणीतला लाल फेट्या, म्हणजे बंजारा घागरा, नेसला, बलिया चढवल्या आणि गुडघ्यांना शिव्या देत ती मागच्या सीटवर बसली. सोनीबाईनं दोघांच्या भाकऱ्या बांधून दिल्या. दोरीची मूठ सासूच्या हातात दिली आणि ती बाभळीपर्यंत गाडीमागे चालत गेली.

गाडी डांबरीवर चढली. तिथून पाटणबोरीकडे रस्ता सरळ, वळण नाही, फाटा नाही. तरी लाकडी हात वर आला. खाली गेला, पुन्हा वर आला.

"याडी, वळाचं नाई हाये!" देवीलाल ओरडला. इतका मोठ्यानं बोललेला तो तांड्यानं प्रथमच ऐकला.

"मले मालूम हाये!" म्हातारी त्याच्याहून मोठ्यानं ओरडली. "लोकायले पाहू दे ना!"

समोरून येणाऱ्या ट्रकनं वेग कमी केला आणि हॉर्न दिला. सोनीबाई बाभळीखाली उभी राहून पाहत होती. पांढऱ्या कड्यांचा हात वर होता तसाच होता, आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत म्हातारीनं तो खाली घेतला नाही.